गोलमागचा पाहुणा

एबन गेडिसचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. तरुणपणी तो इंग्लंडात मोठ्या क्लबकडून फुटबॉल खेळला. गुडघा गेला, तसा स्कॉटलंडला गावी परतला आणि ऑचनलीच्या कोळसा खाणीतल्या कामगारांच्या संघाची मॅनेजरकी गळ्यात पडली. मॅनेजर कसला! संघ निवडणार कमिटीतला खाटीक, आणि हरल्यावर शिव्या खाणार एबन. पुन्हा इंग्लंडहून बोलावणं यावं, एवढी एकच आस होती बिचाऱ्याला. त्यासाठी जिंकायला हवं, आणि जिंकायचं तर वॉटी लॉडर हवा. त्याच्याएवढे गोल साऱ्या तालुक्यात कुणी मारत नव्हतं. दर रविवारी एबन जेवायलाही असायचा तो वॉटीच्याच घरी.

म्हणून तर गोलमागे एक परका माणूस दिसला, तसं एबनचं खेळावरचं लक्षच उडालं. बूट चकचकीत, अंगावर कोळशाचा कण नाही. मॅच सुटल्यावर तो कोपऱ्यात वॉटीशी कुजबुजत होता.

"कोण रे तो?" एबनने वॉटीला गाठलं.

"कुणी नाही, एबनकाका." वॉटीचे कान लाल झाले.

"कुणी नाही? मग काय हवेशी बोलत होतास?"

"सांगतो ना. सोमवारपर्यंत दम धरा की."

सोमवारपर्यंत! म्हणजे सह्या करून, गाडीत बसून पसार झाल्यावर. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात मेली, एबन मनात चरफडला.

पोरं पळवायला येणाऱ्या इंग्रज दलालांचा पाहुणचार ऑचनलीत बापजाद्यांपासून ठरलेला: पबसमोरचा, घोड्यांना पाणी पाजायचा हौद. एबन पबच्या दारात गेला आणि एवढंच म्हणाला, "वॉटीला न्यायला आलाय हो तो!"

मग काय विचारता! ग्लास तसेच ठेवून माणसं बाहेर पडली. चौघांनी पाहुण्याच्या तंगड्या धरल्या आणि धप्पकन हौदात. एबन पोट धरधरून हसला.

"अरे सोडा त्यांना!" वॉटी धावत आला. "काय केलंत हे, एबनकाका?"

"तुला पळवू देऊ होय?"

"मला? अहो, त्यांच्या इंग्लंडातल्या क्लबला मॅनेजर हवाय! तुमचीच चौकशी करत होते. कमिटीला कळू नये म्हणून मला सोमवारपर्यंत गप्प राहायला सांगितलं. मी म्हटलं, आमच्या एबनकाकांसारखा माणूस शोधून सापडणार नाही."

एबनने हात पुढे केला. पाहुणा तो न धरताच बाहेर आला.

"साहेब, चुकलं माझं. मला वाटलं..."

"काय वाटलं ते दिसलंच की," पाहुणा कोट पिळत म्हणाला. "ज्याचा आपल्याच खेळाडूवर भरवसा नाही, त्याच्या हाती आमची अकरा पोरं कशी द्यायची?"

आणि तो तसाच ओलाचिंब स्टेशनाकडे चालू लागला. एबनला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"वॉटी, तू तरी..."

"पुढच्या शनिवारी खेळेन मी," वॉटी म्हणाला. "उद्या जेवायला मात्र येऊ नका. आई विचारेल काय झालं, आणि मला तिला सांगवणार नाही."