एकेचाळिसावं पान

पाचच्या आत प्रबंधावर मार्गदर्शक बाईंची सही झाली नाही, तर तिची नोकरी गेली, इतकं साधं होतं. प्रबंध जमा केल्याचा कागद दाखवल्याशिवाय कॉलेज तिला रुजू करून घेणार नव्हतं आणि मुदत आजच संपत होती. प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण एका आकड्यावर उभं होतं: घरी शिवणकाम करणाऱ्या शंभर बायकांपैकी बेचाळीस जणी वर्षभरात काम सोडतात.

सही करण्याआधी बाई प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून विचारत, "मूळ पाहिलंस का?" विद्यार्थी मान डोलावत, बाई हिरवी खूण करत. खरं तर कुणी कशाला मूळ बघतंय? दुसऱ्याच्या पुस्तकातला हवाला जसाच्या तसा उतरवायचा, की झालं. तिनेही चार वर्षं हेच केलं होतं.

आज सकाळी मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने तो आकडा घेतलेला लेख एका पुस्तकाकडे बोट दाखवत होता, पुस्तक दुसऱ्या लेखाकडे आणि तो लेख तीस वर्षांपूर्वीच्या एका अहवालाकडे. ग्रंथपालकाकांनी तो तळघरातून शोधून आणला.

"मागणारी तू पहिलीच," ते म्हणाले. "कार्ड कोरं आहे बघ."

एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं: ‘पाहणी अजून व्हायची आहे. गणित कसं मांडायचं हे दाखवण्यापुरतं समजू, की शंभरातल्या बेचाळीस जणी काम सोडतात.’

अहवालातल्या त्या प्रकरणाखालचं लेखिकेचं नाव तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. बाईंच्या खोलीत, पदवीच्या चौकटीत ते रोज दिसायचं. बाईंचं लग्नाआधीचं नाव.

गप्प बसली असती, तर कुणाला काही कळणार नव्हतं. जिन्यात ती अर्धा तास तशीच बसून राहिली. मग वर गेली.

बाईंनी बेचाळीसवर बोट ठेवलं. "मूळ पाहिलंस का?"

"पाहिलं, बाई." तिने अहवाल उघडून पुढे सरकवला.

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हे मीच लिहिलंय. पुढे कुणीतरी खरं म्हणून छापलं आणि मीही त्याचाच हवाला देत बसले. माझ्या अकरा विद्यार्थ्यांनी हा आकडा घेतलाय. प्रत्येकाला विचारलं होतं मी. सगळे हो म्हणाले."

घड्याळात पाचला दहा कमी होते.

"सही करू?" बाईंनी विचारलं. "तू म्हणालीस तर करते."

तिला नोकरी हवी होती. फार हवी होती. तिने बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि टोपण लावून टेबलावर ठेवलं. "नको," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. मग फोन जवळ ओढून जुन्या विद्यार्थ्यांच्या वहीतला पहिला नंबर लावला.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "तू मला हो म्हणाली होतीस. आठवतंय?"