वाजवून दिलेली बकेट

“वाजली का बराबर?” हातोडी खाली घेत अमृतरावांनी विचारलं.

मालनबाईनं वेल्डिंगच्या रॉडचा डबा कडेला ठेवला. तिनं घाई केली नाही, कधीच करत नसे. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग समोर उताण्या पडलेल्या बकेटीकडे, आणि म्हणाली, “खणखणीत हाय. द्या बालाजीला निऊ.”

अमृतरावांचा जीव भांड्यात पडला. दोन दिवस ती बकेट त्यांच्या मानगुटीवर बसली होती. गावातल्या बालाजीच्या ट्रॅक्टरपुढच्या लोडरची, दगडमाती उचलायची लोखंडी बकेट. विहिरीचे दगड उचलताना ती एका धोंड्याला अशी भिडली, की पुढची कड आत दुमडली आणि एक कोपरा पार पिळवटून गेला. अमृतरावांनी कड तापवून, जॅक लावून, घण घालून सरळ केली. सरळ काय कोणीही करतं, असं ते म्हणायचे. वाकलेलं पुन्हा तिथंच वाकू नये, ही खरी कारागिरी. म्हणून त्यांनी कडेखाली ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची पट्टी जोडली आणि मागून आधाराला तीन फासळ्या दिल्या. पाट्याचं पोलाद मात्र मोठं मानी असतं. जोडून तसंच उघड्यावर टाकलं तर गार होता होता आतल्या आत तडकतं आणि वरून काही दिसत नाही. ते राखेत झाकून सावकाश निववायचं आणि निवलं की वाजवून बघायचं. सलग असेल तर खणकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. तडा असेल तर नुसतं बद्द.

हिंगोलीकडच्या या गोरेगावात वेल्डिंगची चार दुकानं होती. वाजवून देणारं हे एकच. अमृतरावांनी वाजवलं म्हटलं की लोक पुढं काही विचारत नसत, आणि अमृतरावांनाही आयुष्यात दुसऱ्या कशाचा फारसा अभिमान नव्हता. पण पाच वर्षांपूर्वी त्यांच्या कानातून नेमकी ती खणखण गेली. बोलणं ऐकू यायचं, स्टँडवरच्या जीपवाल्याची हाक ऐकू यायची, फक्त लोखंडाचा तो बारीक, लांबत जाणारा आवाज तेवढा नाहीसा झाला. जन्म घणाशेजारी काढल्यावर दुसरं काय व्हायचं? हे त्यांनी बायकोशिवाय कोणाला कळू दिलं नाही. तेव्हापासून ते वाजवायचे आणि मालनबाई ऐकायची. गावाला वाटायचं, बिचारी उतारवयात नवऱ्याच्या मदतीला बसते.

बालाजी बकेट घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. बकेट ट्रॉलीत होती. खालची पट्टी निम्मी तुटून गेली होती.

“पट्टी उडाली, मामा,” तो म्हणाला. “अन् रुख्मिणीबाईच्या नडगीवर जाऊन बसली. हाड मोडलं. हिंगोलीला नेलं तिला.”

रुख्मिणीबाई बालाजीकडे दगड वेचायला जायची. घरात दोन नातवंडं आणि कमावणारी ती एकटी. अमृतराव बाकड्यावर टेकले.

“तुमी काहून घाबरता? तुमचं काम न्हाई चुकायचं. धोंडाच तसला व्हता. दुसरी पट्टी मारून द्या, झालं.”

त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अमृतराव उठले आणि वाकून तुटलेली जागा बघू लागले. निम्मं लोखंड ताजं, चकचकीत होतं. उरलेलं निम्मं गंजून तांबूस झालं होतं. म्हणजे तडा आजचा नव्हता. बकेट दुकानातून गेली, तेव्हाच तो आत होता.

“हे राहिलेलं तरी बरं हाय का?” बालाजीनं पाना घेऊन उरलेल्या पट्टीवर दोनदा मारला. “मला तर बद्दच वाटून राहिलं. ऐका बरं.”

सवयीनं अमृतरावांनी मालनबाईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, पापणी न लववता. तिचं लोखंडाकडे लक्षच नव्हतं.

तेवढ्यात बालाजीला दवाखान्यातून फोन आला आणि तो बोलत रस्त्यावर गेला.

“मालन, काय ऐकलंस तू?”

“तुमाला काय वाटतं?”

“मी तुला विचारून राहिलो.”

ती खाली बसली. “मलाबी ती खणखण न्हाई येत ऐकू. दोन वर्सं झाली.”

“मग सांगत कशी व्हतीस?”

“तुमच्या तोंडाकडं बघून. काम मनाजोगतं झालं की तुमचं तोंड हलकं दिसतंय. ते दिसलं की मी खणखणीत म्हणायची.”

“अन् मला बोलली काहून न्हाई?”

“बोलले असते तर तुमी दुकान बंद केलं असतं. मग दिवसभर काय केलं असतं तुमी?” तिनं डोळ्यांना पदर लावला. “तुमचा हात कधी चुकत न्हाई. वाटलं, चालून जाईल.”

अमृतरावांना तिच्यावर रागावता येईना. तिला घणाशेजारी बसवलं कोणी? आपले कान गेले म्हणून तिचे वापरले, आणि तेही घालवले. दोन वर्षं ते हातोडी मारून आपलंच मन आपल्याला विचारत होते आणि तिच्या तोंडून आपलंच उत्तर ऐकून खूश होत होते. या दोन वर्षांत शाळेचं फाटक गेलं होतं, बुद्धविहारावरच्या पाण्याच्या टाकीचा सांगाडा गेला होता, किती ट्रॉल्यांचे हूक गेले होते. त्यांतलं काय सलग आणि काय तडकलेलं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

बालाजी परत आला तेव्हा ते दारात उभे होते.

“ही सेनगावला दुसऱ्या वेल्डरकडं ने, बालाजी. माझ्यानं न्हाई व्हायची. आमा दोघायलाबी वाजलेलं ऐकू येत न्हाई.”

बालाजी हसला. मग दोघांच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं.

“म्हंजे? दिवाळीला माझ्या ट्रॉलीचा हूक केला, तो?”

“तोबी दाखव तिकडं. तवर ट्रॉलीत माणसं बसवू नको.”

“अन् शाळेचं फाटक? लेकरं लोंबकळत्यात त्याला.”

“आत्ताच जातो हेडमास्तरकडं.”

“रुख्मिणीबाईला काय सांगू?”

“तू काई सांगू नको. माझ्यानं झालं म्हणून मीच सांगन तिला.”

बालाजी ट्रॅक्टरवर चढला. किल्ली फिरवायच्या आधी त्यानं वळून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि एकेक शब्द सुटा करत ओरडला, “येतो… मी… मामा! कळलं का? येतो!”

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. कोणीतरी कानाकडे बोट दाखवून दुसऱ्याला काहीतरी सांगितलं. अमृतरावांना साधं बोललेलं सगळं नीट ऐकू येत होतं. त्यांनी नुसती मान हलवली.