बंदीचे महिने

"आज पण गाभोळीच!" म्हणत जहांआरानं साफी माशाच्या पोटातून पिवळी अंड्यांची जोडगोळी अलगद काढली आणि बशीत ठेवली. "सुमैय्या, तेल तापव गो."

"मम्मी, नॉट अगेन!" आतून मुलगी ओरडली.

नवरा, तय्यब, मात्र खूश होता. खाडीतली ताजी साफी, तिची तळलेली गाभोळी आणि भात, यापलीकडे स्वर्ग नाही असं त्याचं मत होतं. पण पहिलाच तुकडा तोंडात टाकला आणि तो चावायचा थांबला.

"काय झालं? मीठ जास्त पडलं?"

"एप्रिल चाललाय, जहांआरा."

"मग?"

"साफी आत्ता अंडी घालते. आणि आपण खाडी बंद ठेवतो जून-जुलैला!"

या घोटाळ्याचा धनी तोच होता. दोन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, अमिरातीतल्या या रास अल खैमाच्या खाडीतला मासा रोडावला, तेव्हा नगरपालिकेच्या साहेबानं होडीमालकांना बसवून समजावलं होतं: वर्षातले दोन महिने जाळी टाकू नका, तिवरांत पिल्लं वाढू द्या, खाडीही जगेल आणि धंदाही. महिने कोणते, असं विचारल्यावर तय्यबच्या मालकानं, अबू सालेमनं, त्याच्याकडे बोट दाखवलं. याच्या मुलखात अशी बंदी असते म्हणे. रत्नागिरीकडचा तय्यब छाती फुगवून म्हणाला, जून आणि जुलै. पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, हे त्यानं जन्मापासून पाहिलेलं. इथे त्या दिवसांत पाऊस कुठला, नुसती आग. जाळ्यात फारसं काही येत नाही आणि मालकमंडळीही थंड मुलखात हवा खायला जातात. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांना खरं कळत होतं, त्यांच्याही ते सोयीचंच होतं.

"तुम्ही काय बोलू नका," जहांआरा म्हणाली. "मार्च-एप्रिलच्या सीझनवर आपलं वर्ष निघतं. उगाच आपल्याच पायावर धोंडा कशाला? बाकीचे खलाशी तर तुमचं तोंड बघणार नायत."

"माझ्या शब्दावर बंद ठेवली त्यांनी खाडी. उद्या ती रिकामी झाली तर सुमैय्याला काय सांगू?"

जहांआरानं त्याचं ताट पुढे सरकवलं. तिला पटलं नव्हतं, पण नवऱ्याला ती ओळखून होती.

शुक्रवारची नमाज झाल्यावर तय्यब मालकांच्या बैठकीत जाऊन उभा राहिला. "साब, मेरा गलती. मैं अपने गाँव का मौसम बोल दिया."

अबू सालेम त्याच्याकडे बघतच राहिला. "हबीबी, दो साल किधर सोया था?"

वाद बराच झाला, पण नगरपालिकेच्या साहेबानं तय्यबची बाजू उचलून धरली. पुढच्या वर्षापासून मार्च-एप्रिल बंद, खलास. बाहेर अलीमियाँ उभा होता. तय्यबच्या शेजारच्या गावचा, शेजारच्याच होडीवरचा. म्हणाला, "तुला घरी बसायचं तर बस, तय्यबभाय. आमची चूल कशाला विझवलीस?"  तय्यबला फार लागलं ते.

पुढच्या मार्चमध्ये, बंदीच्या पहिल्या सकाळी होड्या वाळूवर ओढायच्या होत्या. एकमेकांच्या होडीला हात लावायची खलाशांची जुनी रीत. त्या दिवशी सगळ्यांच्या होड्या वर आल्या, तय्यबनंही प्रत्येकीला खांदा लावला. त्याच्या होडीची पाळी आली तेव्हा मंडळी हात झटकून चहाच्या टपरीवर जाऊन बसली. त्यानं एकट्यानं जोर लावून पाहिला. होडी जागची हलेना.

जहांआरा जेवणाचा डबा घेऊन आली होती, बरोबर सुमैय्या. तिनं टपरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला काय ते कळलं. त्यांच्या गावात बायका होडीला हात लावत नसत. तिनं डबा वाळूत ठेवला, ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि त्याच्या शेजारी खांदा लावला.

"मम्मी, एव्हरीबडी इज लुकिंग!"

"बघू देत. तू त्या बाजूनं लाव."

सुमैय्या क्षणभर घुटमळली. मग तिनं शाळेचे बूट काढले आणि पाण्यात उतरली.

 तय्यबनं आवाज दिला, "हय्या!"

होडी वीतभर सरकली. तिघांनी श्वास घेतला आणि पुन्हा खांदे लावले.