टोपीवाल्यांच्या गावात

बदक तोफेतून उडालं, ढगाला भोक पाडून वर गेलं, आणि ते खाली यायच्या आत पडदा काळापांढरा झाला.

रोज असंच व्हायचं. दिवेलागणीपर्यंत त्या चॅनेलवर कार्टून लागायचं आणि मग, कुणालाही न विचारता, जुने इंग्रजी पिक्चर सुरू व्हायचे. आत्ताही बदकाच्या जागी टोपी घातलेला एक माणूस धो धो पावसात उभा राहून सिगारेट पेटवत होता. ती पेटलीसुद्धा. पोरांनी बोंब ठोकली आणि पळाली. बदक वरच राहिलं.

रिकाम्या झालेल्या सतरंजीवरून आबाजी बसल्या बसल्या पुढं सरकले आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर थांबले. डोक्याला लाल पटका, मांडीवर काठी. उभं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, त्यामुळं बसल्यावरही त्यांचे पाय निघायच्या तयारीत असल्यासारखे दिसायचे.

मी वायर बघायला आलो होतो. निरवांगीत केबल माझी आणि फोटो स्टुडिओही माझाच. थोडक्यात, गावात कुठलंही चित्र वाईट आलं की शिव्या मला.

"संभाजी, ते चॅनेल सांजचं बंद करून टाक बाबा," आबांची सून, सिंधुवहिनी, भाकरी थापता थापता आतून ओरडल्या. "दवाखान्याचं नाव काढलं की मामंजींचा पिक्चर सुरू हुतो. डॉक्टर सांगतुया, अंतर्गळ हाय, ऑपरेशन करा. आतडं अडाकलं तर बारामतीपतूर न्ह्यायलाबी सवड मिळायची न्हाय म्हनला. ऐकत्यात का बघ!"

आबांनी ऐकलं नाही. टोपीवाला काहीतरी जिवाच्या आकांतानं बोलत होता, त्याच्याकडंही ते बघत नव्हते. ते बघत होते त्याच्या मागून जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांकडं. सांजेला मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, घेताना एकेक निरखावं तसं.

"संभा," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "ही मानसं गेल्याली हायत न्हवं?"

"पिक्चर लई जुना हाय, आबा. सगळीच गेली असत्याल."

"मला वाटलंच." त्यांनी मांडीवरची काठी जवळ ओढली. "काळीपांढरी हायत ना."

यामागं माझा धंदा होता. गावात लग्न, बारसं, नवा ट्रॅक्टर, हे सगळं रंगीत फोटोत व्हायचं. माणूस गेला की मात्र घरचे कुठल्यातरी कार्डावरचा नखाएवढा फोटो घेऊन यायचे आणि मी तो मोठा करून काळापांढरा करून द्यायचो. ज्याच्या अंगाला हयातीत कोट लागला नाही त्याला ब्रशनं कोट घालायचो. परिणामी निरवांगीत काळापांढरा होणं म्हणजे मरणं, असाच अर्थ झाला. "सोनारतात्या काळापांढरा झाला" म्हटलं की लोक दहाव्याची चौकशी करायचे. सरपंचांना मी एकदा नुसतं विचारलं, "ब्लॅक अँड व्हाइट काढू का?" तेव्हापासून ते माझ्या दुकानावरून जात नाहीत, मागच्या गल्लीनं जातात.

दुसऱ्या दिवशी आबा स्टुडिओत आले. फडक्यात गुंडाळलेला एक फोटो त्यांनी माझ्यापुढं ठेवला. जेजुरीच्या जत्रेत काढलेला. खुर्चीवर तरुण आबा, मिशीला पीळ, डोळे वटारलेले. शेजारी दगडाबाई उभी राहायची होती, त्यांची बायको. पण फोटोवाल्यानं बटण दाबलं त्याच वेळी तिच्या पायातलं कोकरू सुटलं आणि ती त्याला धरायला वळून वाकली. फोटोत आबा, खुर्ची आणि पाठ. पुढं मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरताना, वाटेतच, ती तापानं गेली. दुसरा फोटो नाही.

"तू मेल्याल्या मानसाला कोट घालतूस," आबा म्हणाले. "मग हिला वळवता यील का?"

मी फोटो उजेडात धरून बघितला. धंद्यात असं करावं लागतं, उत्तर माहीत असलं तरी.

"पलीकडच्या अंगानं काढला असता तर झालं असतं, आबा."

"पलीकडं कोकरू हुतं," आबा म्हणाले. ते गंमत करत नव्हते.

मग ते स्टुलावर बसले. भिंतीवर माझी गेलेली मंडळी ओळीनं लावलेली होती, रंगवलेल्या कोटात, गिऱ्हाइकांना नमुना म्हणून. आबा त्यांच्याकडं बघेनात.

"भूल दिल्यावं मानूस कुठं जातंय रं?"

"कुठं न्हाय. झोपतंय."

"आन उठलंच न्हाय तर?"

मी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

"तर तितं जातंय," त्यांनी न बघताच भिंतीकडं बोट केलं. "आन तितनं टीव्हीत. तू नुसतं न्हाय म्हनू नगंस, म्या रोज बघतुय. ही तितंच हाय कुठंतरी. पन पाठ करून. मागनं हाक मारल्याबिगर वळायची न्हाय ती. आन हाक कशी मारू? सगळी इंग्रजी बोलत्यात तितं. तीबी जाऊन लई वरसं झाली, आपली बोली इसरली असंल. म्या येकलाच टोपीवाल्यांत उभा ऱ्हायलो तर?"

मला हसू यायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. आलं नाही.

"तोंड तरी आठवतंय न्हवं त्यांचं?"

आबा बराच वेळ फडक्याची घडी घालत बसले. नीट चौकोनी झाली तरी घालतच राहिले.

"परवापतूर आठवत हुतं," ते म्हणाले. "आता हाक मारली की पाठच म्होरं येती."

त्या संध्याकाळपासून मी त्यांच्या शेजारी बसायला लागलो. त्यांना इंग्रजी शिकवायचं ठरलं होतं. दहावीत इंग्रजीनं मला दोनदा परत पाठवलेलं, तेव्हा ओळख जुनी होती. आबा 'गुड इव्हनिंग' एवढं शिकले. पिक्चरमध्ये सगळे संध्याकाळीच भेटायचे, त्यामुळं तेवढं पुरेल असं आमचं मत पडलं.

"बाईमानूस म्होरं आलं की टोपी काढत्यात हे," आबांनी स्वतःच हेरलं. "आन मग बोलत्यात."

"व्हय."

"पटका काढावा लागंल म्हन."

त्यांना बिनपटक्याचं गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. सिंधुवहिनींनीसुद्धा.

मला संवाद कळत नव्हते, तरी मी उठेना. पडद्यावरची माणसं नाचत होती, भांडत होती, सुटलेली गाडी पकडायला धावत होती, एकमेकांना उद्या भेटू म्हणत असावीत. आपण गेलोय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. इतक्या नीट भांग पाडून, इतकं मन लावून ती जगत होती की त्यांच्याकडं बघवायचं नाही, आणि तरी मान वळायची नाही. मधेच एखादी बाई सरळ आमच्याकडं बघायची. तेव्हा आबा माझं मनगट धरायचे. मी सोडवून घ्यायचो नाही. खरं सांगायचं तर मीही त्यांचंच धरलेलं असायचं.

दवाखान्याचा विषय निघाला की आबा काठी उचलून परड्यात जायचे. जागचं उठताना हल्ली एक हात जांघेत दाबून धरायचे. त्यांच्या मुलानं, सोनबानं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. एकदा तर टीव्हीवर घोंगडं टाकलं. आबा घोंगड्यासमोर बसून राहिले. आतून इंग्रजी ऐकू येत होतं.

मग तो मेंढरांचा पिक्चर लागला.

एक बाई उघड्या मोटारीतून चाललेली. शेजारचा टोपीवाला नकाशा उलटा धरून बसलेला. वळणावर रस्ताभर मेंढरं आडवी. बाईनं हॉर्न वाजवला. मेंढरं ढिम्म. तिनं पुन्हा वाजवला, मग उठून उभी राहिली आणि मेंढरांना इंग्रजीत बोलली.

आबा गुडघ्यावर उभे राहिले.

"आगं येडे, हॉर्नला कदी मेंढरू हलतंय व्हय? समदी बुजवशील! थांब!"

त्यांनी जीभ टाळूला लावली आणि आवाज काढला. डोंगरावरून खालच्या वाघरीपर्यंत पोचतो, तो. मी लहानपणी ऐकलेला, पुन्हा कधी न ऐकलेला. बाहेर कुत्रं उठून उभं राहिलं.

आणि पडद्यावरचं म्होरकं मेंढरू वळलं. त्याच्या मागं दुसरं, मग सगळा कळप, रस्ता सोडून, शिस्तीत डाव्या हाताला.

आता हा कळप परदेशात, माझ्या जन्माच्या आधी, कधीच वळून बसलेला होता, हे मला समजत होतं. मला सगळंच समजत होतं. तरी मी टीव्हीच्या मागं वाकून बघितलं. सिंधुवहिनी पिठाच्या हातानं दारात आल्या होत्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, तो पांढरा झाला.

"कळतंय," आबा म्हणाले.

"काय कळतंय, मामंजी?"

"हाक कळती तितं." ते खाली बसले. भीती गेली नव्हती. "सिंधू, सोनबाला सांग. बारामतीला जाऊ."

सोनबा लोणी देवकरच्या कारखान्यातली पाळी संपवून येणार होता, म्हणून सकाळी दवाखान्यात आबांबरोबर सिंधुवहिनी आणि मी. ऑपरेशनच्या खोलीबाहेर सिस्टर म्हणाली, "बाबा, डोक्याचं काढा."

सिंधुवहिनींनी मान फिरवली. आबांनी दोन्ही हातांनी पटका उचलला. खालचं डोकं पांढरं आणि फार लहान होतं. त्यांनी पटका छातीशी धरला, सिस्टरपुढं थोडे वाकले आणि म्हणाले, "गुड इव्हनिंग."

"बाबा, सकाळ आहे."

"तितं पोचस्तवर हुईल," आबा म्हणाले.

पटका माझ्या हातात देऊन ते गाडीवर आडवे झाले. ते इतके कापत होते की गाडीचं एक चाक आपोआप वाजत होतं. दार बंद झाल्यावरही थोडा वेळ ऐकू आलं. मग बंद झालं.

बाहेर आम्ही बाकावर बसलो. फरशी पांढरी, बाक काळा, भिंत पांढरी, सिस्टर पांढऱ्या. एक डॉक्टर काळ्या चष्म्यात निघून गेला. मी त्या लांब बोळात कुठं रंग दिसतोय का ते शोधायला लागलो. मांडीवरचा पटका सोडला तर कुठं नव्हता. तो मी दोन्ही हातांनी धरला. वहिनींनी त्याचं दुसरं टोक धरलं.

आबांना बाहेर आणलं तेव्हा डोळे मिटलेले होते. खूप वेळानं उघडले. वर पांढरं छत, बाजूला पांढरी सिस्टर.

"गुड इव्हनिंग," आबा पुटपुटले. त्यांनी जीभ टाळूला लावायचा प्रयत्न केला. कोरड्या तोंडातून नुसता फस् असा आवाज आला. त्यांनी वाट बघितली. कुणी वळलं नाही.

मग त्यांना माझ्या हातातला पटका दिसला. त्याच्याकडं ते टक लावून बघत राहिले.

"लाल हाय," ते म्हणाले.

"व्हय, आबा."

"मंग भेटायचं ऱ्हायलंच."

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला कळलं नाही. भूल उतरताना डोळ्यांतून पाणी येतं असं सिस्टर म्हणाली.

दुपारी सोनबा आला. आम्ही निघालो तेव्हा आबांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"आजचा पिक्चर चुकतुय. तू बघ. गर्दीत बघ. डाव्या अंगाला कलून चालती ती. कायम कडंवर कोकरू असायचं न्हवं, त्येनं."

एसटीनं आम्ही दिवेलागणीला पोचलो. वहिनी आत चूल पेटवायला गेल्या. टीव्हीसमोर पोरं बसली होती. आज एक डुक्कर विहिरीत पडत होतं. ते तळाला जायच्या आत पडदा काळापांढरा झाला. पोरं पळाली. मी सतरंजीवरून पुढं सरकलो, टीव्हीपासून हातभर.

रेल्वे स्टेशन. वाफ, टोप्या, सामान. एक टोपीवाला एका बाईला निरोप देत होता. पुढचं मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्या मागं बघत बसलो.

फलाटाच्या टोकाला एक बाई पाठमोरी चालली होती. लांब कोट, डोक्याला रुमाल. हातातली बॅग जड असावी. डाव्या अंगाला कलून चालली होती.

मी इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मी जीभ टाळूला लावली आणि जमेल तसा आवाज काढला.

आतलं भांडं पडलं. सिंधुवहिनी धावत दारात आल्या. "मामंजी आलं?"

"न्हाय, वैनी," मी म्हणालो. "आबा अजून रंगीतच हायत."

दवाखान्यातून खुशालीचा फोन आल्यासारखी त्यांनी मान हलवली. मग माझ्या शेजारी बसल्या. "कुठली?"

"ती. धुराच्या कडंची."

बाई थांबली. तिनं बॅग खाली ठेवली. वहिनींनी माझं मनगट धरलं. बाई तशीच उभी राहिली, कुणीतरी हाक मारल्यासारखी, कुणी मारली ते ओळखू न आल्यासारखी. मग तिनं वाकून बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि वाफेत चालायला लागली, आता उजव्या अंगाला कलून.

मी वहिनींकडं बघितलं. आबांना काय सांगायचं, तेच त्या ठरवत असाव्यात.

"कोकरू मोठं झालं असंल," त्या म्हणाल्या. "येका हाताला जड जातंय."