चीनच्या दालनातली बरणी

अलिबागच्या संग्रहालयात चीनचं प्रदर्शन भरलं ते छप्पन सालच्या थंडीत. संग्रहालय म्हणजे गावातल्या हौशी मंडळींनी एका कौलारू घरात मांडलेला संसार. जुनी नाणी, गंजलेल्या तलवारी आणि पेंढा भरलेली एक घार, एवढाच ऐवज. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी कोकिळा चौबळ शाळा सुटल्यावर तिथे येऊन बसायची आणि सगळं निगुतीनं सांभाळायची. तिने लग्न केलं नव्हतं. गावात तिला सगळे 'बाई' म्हणत.

तेव्हा चीन म्हणजे आपला सख्खा भाऊ होता. मुंबईच्या एका मैत्री मंडळाने चिनी कलेच्या वस्तू गावोगाव फिरवायचं ठरवलं, आणि संग्रहालयाचे अध्यक्ष रावजी वकील यांनी खटपट करून त्या अलिबागला आणल्या. लांबलचक गुंडाळीची चित्रं, रेशमावर भरलेले पक्षी, कात्रीने कापलेली कागदी फुलं, उजेडात धरलं तर बोटं दिसावीत असे पातळ पेले. कोकिळेने खोके उघडले आणि दोन दिवस तिला जेवणखाण सुचलं नाही. एका चित्रात धुकं होतं, धुक्यात बोरूची बेटं आणि त्यांत एका पायावर उभा असलेला बगळा. कागदाचा निम्मा भाग चित्रकाराने कोराच ठेवला होता. त्या कोऱ्या जागेकडे ती पुन्हापुन्हा बघत राहिली.

पण तिला वाटलं, ह्यात आपल्या किनाऱ्याचं काहीतरी हवं. तेव्हा तिला आवडाबाईंची बरणी आठवली.

आवडाबाई रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या. आठवड्यातून दोनदा मासळीची पाटी घेऊन एस.टी.ने अलिबागला येत, आणि कोकिळेच्या दारात बसून मासळीपेक्षा गप्पाच जास्त विकत. त्यांच्या घरी कमरेएवढी एक बरणी होती. मधासारख्या तपकिरी रंगाची, अंगावर लांब नखांचा एक नाग वळसे घेत गेलेला. त्यांचे यजमान अंबाजी यांच्या जाळ्यात ती खाडीच्या तोंडाशी अडकून वर आली होती. पुढे दोन वर्षांनी त्याच समुद्रात अंबाजी गेले ते परत आलेच नाहीत. देहही सापडला नाही. त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी आवडाबाई नैवेद्याचं पान त्या बरणीपुढे मांडत, एरवी तिच्यात तांदूळ ठेवत.

मुंबईहून आलेल्या जाणकाराने बरणी बघितली आणि तो नाग नव्हे, चिनी ड्रॅगन आहे, असं सांगितलं. चौलच्या जुन्या बंदराला येणाऱ्या एखाद्या गलबतातून ती पडली असावी, असं त्याचं मत पडलं.

"महिनाभर द्या," कोकिळेने आवडाबाईंना विनवलं. "मी स्वतः आणून पोचवीन."

"तांदूल कशात ठेवू?" आवडाबाईंनी विचारलं, आणि मग स्वतःच हसल्या. "ने, बाय. त्याला पन जरा लोकांत बसू दे."

त्यांचा मुलगा कान्हा तेव्हा नुकता होडीवर जाऊ लागला होता. त्याने आणि संग्रहालयाचा शिपाई भिकू याने बरणी गवतात बांधून बैलगाडीत चढवली. प्रदर्शनाला पंचक्रोशीतून माणसं आली. आवडाबाई नवं लुगडं नेसून आल्या, बगळ्याच्या चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात रंग भरायचा ऱ्हायलाय का?" मग त्या बरणीजवळ गेल्या. पदराने तिच्या काठावरची धूळ पुसली आणि बाजूला झाल्या.

प्रदर्शन संपलं. मंडळाने बगळ्याचं चित्र, आणखी तीन चित्रं आणि काही पेले संग्रहालयाला भेट दिले. त्यांची वेगळी खोली झाली आणि रावजी वकिलांनी तिला 'चीनचं दालन' असं नाव दिलं. त्या खोलीत सगळ्यांत देखणी दिसायची ती बरणी. ती उचलली तर दालन भकास दिसेल, म्हणून कोकिळेने ती आणखी एक महिना ठेवून घेतली. मग पावसाळा आला. मग शाळेच्या परीक्षा आल्या. आवडाबाईंनी एकदा विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा कोकिळेने सांगितलं, तिथे ती जास्त जपली जाते, घरी कुणाचा धक्का लागला तर? आवडाबाईंना ते पटलं, का त्यांना बाईंना दुखवायचं नव्हतं, कोण जाणे. अंबाजींच्या दिवशी त्या केळीच्या पानात वडीभात बांधून घेऊन येत, बरणीपुढे घटकाभर ठेवत आणि मग तोच भिकूला खायला देत.

अशी सहा वर्षं गेली.

बासष्टच्या नोव्हेंबरात, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, सरहद्दीवरच्या बातम्या रोज वाईट येत होत्या. चौकातल्या रेडिओपाशी माणसं उभीच्या उभी तासन् तास ऐकत. शाळेतल्या मुली जवानांसाठी मोजे विणत होत्या. कोकिळेने आपल्या हातातल्या पाटल्या संरक्षण निधीला दिल्या, आणि त्या देताना तिला खरोखर रडू आलं होतं.

एके दुपारी भिकू धावत आला. "बाई, बाजारात मिरवणूक निघालीय. चिनी माल गोळा करून जाळतायत. कुणीतरी आपलं नाव घेतलंय. हिकडंच येतील."

कोकिळा लगेच उठली. तिने चित्रं भिंतीवरून उतरवली, गुंडाळली, नकाशांच्या लांब पेटीत तळाशी घातली आणि वर जिल्ह्याचे नकाशे पसरले. पेले कापडात बांधून कपाटात कोंबले. मग भिकू म्हणाला, "बरणी आपण दोघं मागच्या खोलीत सरकवू. जड हाय, पण सरकंल."

वेळ होता. मिरवणुकीचा आवाज अजून देवळापाशीच होता. कोकिळेने बरणीकडे बघितलं, पेटीकडे बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "खोली अगदीच रिकामी दिसली तर ते शोधतील. त्यांना काहीतरी द्यावं लागेलच."

भिकूने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मिरवणुकीच्या पुढे सदा होता, छापखान्यात खिळे जुळवणारा. त्याची बहीण कोकिळेच्या हाताखाली शिकली होती. पायरीशी येऊन त्याने हात जोडले.

"बाई, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. चीनचं काय आहे तेवढं द्या."

कोकिळेला एक वाक्य बोलता आलं असतं. ही बरणी इथल्या कोळणीची आहे, तिच्या नवऱ्याच्या जाळ्यातली आहे. सदा ऐकणारा मुलगा होता, कदाचित त्याने ऐकलंही असतं. पण मग त्याने विचारलं असतं, मग चीनचं कुठे आहे? तिने तोंड उघडलं नाही. बोट वर केलं आणि बरणी दाखवली.

चौघांनी ती उचलून बाहेर नेली आणि पायऱ्यांवरून सोडली. आवाज फार मोठा झाला नाही. लोकांनी जयजयकार केला. कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्हीपण म्हणा," आणि कोकिळा त्यांच्याबरोबर म्हणाली.

रावजी वकील संध्याकाळी आले. पेटी उघडून चित्रं बघितली आणि त्यांच्या जिवात जीव आला. "शाबास," ते म्हणाले. "एका रांजणावर भागलं. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर सगळंच गेलं असतं." कोकिळेने पेटीचं झाकण लावलं. भिकूने खापऱ्या गोणपाटात भरून कुठे टाकल्या, ते तिने विचारलं नाही.

रविवारी ती रेवदंड्याला गेली. सगळं सांगायचं असं ठरवूनच निघाली होती. वाळत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांमधून वाट काढत ती आवडाबाईंच्या ओट्यावर पोचली, तेव्हा बातमी तिच्याआधीच पोचलेली होती. आवडाबाईंचे डोळे सुजले होते. कान्हा कुडाला टेकून जाळं सांधत होता. आता तो चांगला थोराड झाला होता, लग्न झालं होतं. त्याची बायको केसर चहा टाकायला आत गेली.

"लोक घुसले," कोकिळा म्हणाली. "खूप होते. मी... मी आडवी आले, पण..."

हे कुठून आलं, तिलाच कळलं नाही. एकदा तोंडातून गेलं ते गेलंच.

आवडाबाईंनी तिचा हात धरला. "तू एकटी बाईमानूस काय करनार व्हतीस? तुला लागला न्हाय ना कुठं?" त्यांनी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. निघताना सुकटीचं गाठोडं तिच्या पिशवीत घातलं. कान्हाने मान वर केली नाही.

त्यानंतर कोकिळेला बाजारात जाणं नकोसं झालं. आवडाबाईंनी ती गोष्ट सगळ्या कोळणींना सांगितली होती. बाई एकटी लोकांपुढे आडवी पडली, बरणीला मिठी मारून बसली, तिला ओढून काढावं लागलं. प्रत्येक तोंडातून गोष्ट वाढत होती. कोळणी तिला हाक मारून बसायला पाट देत, चांगल्यातला चांगला पापलेट काढून ठेवत. एक म्हातारी तिच्या पाया पडायला वाकली तेव्हा कोकिळा घेतलेली मासळी तिथेच टाकून घरी आली. त्या दिवसापासून तिने मासे खायचे सोडले. विचारणाऱ्यांना ती सांगायची, पित्त होतं.

घरी भात टाकताना, शाळेत फळा पुसताना, तिला आपलं बोट दिसायचं. भीतीने तिने चूक केली असती तर तिला स्वतःची समजूत काढता आली असती. पण तिने तर निवड केली होती. तिला बगळा हवा होता.

माघात, मुली फळ्यावरचं फूल उतरवून घेत असताना, ती वर्गातून उठली आणि थेट एस.टी.च्या थांब्यावर गेली.

आवडाबाई वाळूत चटया पसरून जवळा वाळत घालत होत्या. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये बाय, किती दिसांनी."

कोकिळा वाळूतच खाली बसली. "आवडाबाई, मी आडवी आले नव्हते. चित्रं मी आधीच लपवली. बरणी लपवायला वेळ होता, भिकू लपवतही होता, मीच नको म्हटलं. त्यांनी चिनी काय आहे विचारलं, तेव्हा मी बरणीकडे बोट दाखवलं."

आवडाबाईंचा हात जवळ्यावरून फिरत राहिला. एक घार खाली आली, त्यांनी काठी उगारून तिला हाकललं.

"बोट दाकवलंस?"

"हो."

"चित्रं बरी हायत?"

"आहेत."

त्यांनी काठी वाळूत रोवली आणि समुद्राकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी कान्हाच्या बापाला सांगितला व्हता. बाईनं हात आडवा घातला, तू वाईट वाटून घेऊ नको, म्हनून. रोज सांगतंय. आता दुसरं सांगायला लागंल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "ती गलबतातून पडली का आभाळातून पडली, मला काय करायचंय? माज्याकडं त्याच्या हातची तेवढीच एक व्हती. तुला म्हाईत व्हता."

"माहीत होतं," कोकिळा म्हणाली.

"मग बस हितं. कान्हाला मी न्हाय सांगनार. त्याच्या बापाची वस्तू हाय, तुज्या तोंडानं सांग. होड्या येतील आता." आणि त्या पाठ करून पलीकडच्या चटईकडे गेल्या.

कोकिळा उन्हात बसून राहिली. बाकीच्या बायकांना काहीच ठाऊक नव्हतं. केसरने तिच्या डोक्यावर टाकायला ओला फडका आणून दिला, कुणी पाण्याचा तांब्या आणला. तिने तो न पिताच वाळूत ठेवला.

होड्या आल्या. कान्हा गुडघाभर पाण्यातून वर आला, खांद्यावर जाळं. कोकिळेने उभं राहून, त्याच्या आईच्या देखत, पुन्हा सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा काळवंडला आणि तो फक्त एवढंच बोलला, "आये, मी बाईंना थांब्यावर सोडून येतो."

नारळीच्या वाडीतून दोघं चालत गेली. थांबा दिसू लागला तेव्हा कान्हा उभा राहिला.

"मी तिथंच होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"मिरवणुकीत. जाळ्याचं सूत आणायला आलो होतो. पोरं ओरडत होती, मीपण ओरडलो. फुटली तवा टाळ्या वाजवल्या. मग पायापाशी खापरी आली, तिच्यावर नख दिसलं." त्याने गमछ्याने तोंड पुसलं. "बरणी तिथं हाय हे माझ्या ध्यानातच आलं नाही, बाई. मीच गाडीत चढवली होती, आणि ध्यानात आलं नाही. तुम्ही पहिल्यांदा येऊन खोटं बोललात ना, तवा मला बरं वाटलं. म्हटलं, झाकणारा मी एकटाच नाही."

कोकिळेने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आयेला सांगू नका," कान्हा म्हणाला. "तुमचं तिनं ऐकलं. माझं नाही ऐकवणार तिला."

लांबून एस.टी.ची धूळ दिसली. मघापासून छातीवरचं ओझं उतरेल, उतरेल, असं कोकिळा वाट बघत होती. ते उतरलं नव्हतं, आणि आता हे आणखी एक. आवडाबाई पुन्हा तिच्या दारात येतील का, ते तिला ठाऊक नव्हतं. आल्या तरी काहीतरी झाकूनच त्यांच्यापुढे बसावं लागणार होतं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

गाडी थांबली. कान्हाने तिची पिशवी वर दिली आणि ती चढून बसेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.