खळग्यातली नीळ

मी एक जुना ओंडका आहे आणि माझ्या डोक्यात खळगा आहे. यात हसण्यासारखे काही नाही, मित्रांनो. तुमच्यापैकी जे आत्ता गालातल्या गालात हसले, ते माझ्या ध्यानात राहतील. माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी माझ्या नावाने बोटे मोडायला नको.

या स्वभावाला कारण आहे. रस्ता रुंद करताना माझे झाड पाडले गेले. फांद्या जळणाला गेल्या, खोडाच्या फळ्या झाल्या आणि मांडीभर उंचीचा मी बुंधा तेवढा कडेला पडून राहिलो. जो येई तो मला पायाने ढकलून बघे आणि मनातल्या मनात माझे किती तुकडे होतील याचा हिशेब करी. मला ते कळत असे. चौथ्या दिवशी एक तरुण हातगाडी घेऊन आला. त्याने मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, कान लावला आणि उचलून घरी नेले. मला वाटले, चला, सुटलो. आणि त्या गृहस्थाने घरी गेल्या गेल्या माझ्या डोक्यावर निखारे ठेवले!

आता सांगा, अशाने कोणाचा कोणावर विश्वास राहील? निखारा विझला की तो राख झाडी, जळलेले लाकूड छिन्नीने खरवडी आणि पुन्हा नवा निखारा ठेवी. तीन दिवस हा प्रकार चालला. शेवटी माझ्या डोक्यात मोठ्या वाडग्याएवढा गुळगुळीत खळगा तयार झाला. त्याने त्यात तेल चोळले, कौतुकाने बघितले आणि म्हणाला, "झालं. आपला कारखाना तयार."

तो तरुण म्हणजे आमचे मिस्त्री. ते मोटारींचे पत्रे घडवत. कारखान्यातून एकसारख्या हजारो निघतात त्या मोटारींचे नव्हे. कोणा हौशी माणसाला जगात दुसऱ्या कोणाकडे नाही अशी मोटार हवी असे. तो कागदावर वेडावाकडा आकार काढून आणी आणि मिस्त्री सपाट पत्र्यातून तिची मडगार्डे, बॉनेट, दारे ठोकून काढत. हत्यारे सगळी घरी केलेली. मोगरी मोडक्या पलंगाच्या पायाची. थापी ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्याची, तिला जुन्या बुटाचे चामडे डकवलेले. वाळूची पिशवी काकूंनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, फाटक्या चामडी कोटाच्या पाठीतून दुहेरी दोऱ्याने शिवली होती. या सगळ्यांत वडीलधारा मी. माझ्यावर कोणी बसायचे नाही, असा मिस्त्रींचा दंडक होता. गिऱ्हाईक बसायला लागले तरी ते म्हणत, "साहेब, ते हत्यार आहे."

काम कसे चाले ते ऐका. पत्रा माझ्या खळग्यावर धरायचा आणि मोगरीने ठोकायचा. मध्ये तो वाटीसारखा खोल होई आणि कडेला सुरकुत्या पडत. त्या दुमडू न देता हलक्या हाताने जिरवायच्या. मग थापीने सारखे करायचे. आणि शेवटी तळहात. मिस्त्रींचा डोळ्यांवर भरवसा नव्हता. हा एक गुण मात्र मला त्यांचा मनापासून आवडे. ते पत्र्यावर पातळ सुती फडके टाकत, डोळे मिटत आणि फडक्यावरून तळहात फिरवत. केसाएवढा उंचवटा असला तरी हात तिथे थांबे. हात थांबला की तिथे ठोका पडे.

याच छपराखाली पडद्यापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ रंगाचे काम करी. त्याला सगळे रंगारीच म्हणत. पत्रा ओबडधोबड असला की रंगारी लोक त्यावर पुट्टी भरतात आणि घासून सारखा करतात. मिस्त्रींच्या पत्र्याला पुट्टी कधी लागली नाही. "दादा, तुझ्यापायी माझी पुट्टी डब्यातच वाळते," असे तो म्हणे आणि मिस्त्रींची छाती फुगे. लांबून लांबून लोक येत, मडगार्डावरून हात फिरवत आणि "हे हाताने केलंय?" असे विचारत. माझ्याकडे बोट दाखवले की त्यांचा विश्वास बसत नसे. माझाही त्यांच्यावर बसत नसे.

मधली काही वर्षे वाईट गेली. लोकांना आयते सुटे भाग मिळू लागले. मी कोपऱ्यात पडलो आणि माझ्या डोक्यावर रंगाचे डबे आले. पुढे हौशी माणसांची पुन्हा लाट आली, डबे उतरले, पण त्या दिवसांत मला वाळवीपासून मांजरापर्यंत सगळ्यांचा संशय घ्यायची सवय जडली ती जडलीच.

तर एकदा दातांचे एक डॉक्टर आले. त्यांना दोघांपुरती, उघडी, निळी मोटार हवी होती. मिस्त्री कामाला लागले. दुपारी ते जेवायला मागच्या घरात जात आणि चार वाजेपर्यंत झोपत. रंगारीही पडद्याआड पाठ टेकत असे. दोन वाजता समोरचा छापखाना धडधडू लागे. एके दिवशी तो सुरू झाला आणि काकू चोरपावलांनी आत आल्या. त्यांनी दारातून मागे बघितले. मग मिस्त्रींचे मडगार्ड उचलून माझ्यावर ठेवले, त्यावर फडके टाकले, डोळे मिटले आणि तळहात फिरवला. नंतर मोगरी उचलली आणि छापखान्याच्या ठोक्यावर ठोका मिळवून हळूच दोनदा मारली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढी वर्षे घरात बसून ठोकाठोकी ऐकलेली बाई सूड घ्यायला आली असेल, तर तिला दोष तरी कसा द्यावा? पण काकूंनी पुन्हा फडके टाकले, पुन्हा हात फिरवला, आणि तो मघाशी जिथे थांबला होता तिथे आता थांबला नाही. बाई पत्रा बिघडवत नव्हती, सुधारत होती. मिस्त्रींच्या पत्र्यात उंचवटा! दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून मिस्त्रींकडे पाहिले. त्यांनी फडके टाकले, डोळे मिटले. तळहात थेट उंचवट्यावरून गेला आणि पुढे निघून गेला.

मित्रांनो, मला फार भीती वाटली.

असे दोन आठवडे चालले. पण ठोका आपली खूण ठेवतो. काकू डावखुऱ्या, त्यामुळे त्यांच्या ठोक्यांचा कल उलटा पडे. एका सकाळी मिस्त्रींनी पत्रा उजेडात तिरपा धरला आणि ते पुटपुटले, "हे ठोके माझे नाहीत." त्यांनी पडद्याकडे बघितले. आधीच्या मोटारीला रंग देताना रंगारी सहज म्हणाला होता, "दादा, आता तुझ्या पत्र्यालाही पुट्टी लागणार बघ." ते वाक्य मिस्त्रींच्या मनात कुसळासारखे रुतून बसले होते. त्यांनी ठरवूनच टाकले की आपले म्हणणे खरे करायला भाऊ चोरून पत्रा ठोकतो आहे.

त्यांनी सापळा लावला. पत्र्यावर खुणा करायची एक दाट निळी शाई असते. साबणाने आठ दिवस हलत नाही. ती त्यांनी जेवायला जाताना मोगरीच्या दांड्याला आणि माझ्या खळग्याला पातळ चोळली. मला विचारायची पद्धत नव्हतीच. पण मला राहून राहून वाटत होते की यांना कोणीतरी थांबवा! चोराला रंग लावून पकडावे, हे ठीक. पण चोर म्हणून रंगाऱ्यावरच डोळा असेल, आणि तो सकाळपासून डॉक्टरांच्या मोटारीचा निळा रंग घोटत बसला असेल, तर निदान सापळ्याला दुसरा रंग घ्यावा की नाही?

चार वाजता मिस्त्रींनी पडदा सारला.

"हात दाखव."

"का? भविष्य सांगतोस?"

"दाखव म्हणतो ना!"

रंगाऱ्याने हात पुढे केले. ते कोपरापर्यंत निळे होते.

"ही बघ. माझ्या मोगरीला लावलेली नीळ."

"दादा, सकाळपासून निळा रंग घोटतोय मी. हात काय पांढरे असणार?"

"दोन आठवडे कोणीतरी माझे पत्रे ठोकतंय. पुट्टी लागणार असं तूच म्हणाला होतास."

रंगारी उठला. त्याने खिळ्यावरची रंगाची बंदूक काढली, ब्रश कागदात गुंडाळले आणि पेटी भरली. "इतकी वर्षं एका छपराखाली काढली," तो म्हणाला, "आणि आज माझे हात तपासलेस. येतो मी."

मला ओरडावेसे वाटले. शाईच्या निळ्यात आणि रंगाच्या निळ्यात फरक असतो, तो मला दिसत होता. पण लाकडाला तोंड नाही आणि संशय आलेल्या माणसाला डोळे नसतात.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी पेटी पाहिली, मिस्त्रींचा चेहरा पाहिला, ट्रे खाली ठेवला आणि हातांभोवतीचा पंचा सोडला.

"भाऊजी, थांबा जरा. अहो, इकडे बघा."

दोन्ही तळवे निळे होते. नखांच्या कडांतही नीळ होती.

"तू? तू बिघडवत होतीस?"

"नीट करत होते."

"माझा पत्रा तू नीट करणार?"

काकूंनी सकाळचे मडगार्ड माझ्यावर ठेवले, फडके टाकले, डोळे मिटले. "इथे. इथे. आणि हा इथे, दिव्याच्या भोकाजवळ." तिन्ही ठिकाणी त्यांनी फडके उचलून खडूने फुल्या मारल्या. मिस्त्रींनी तिरीमिरीत कानस उचलली आणि पत्र्यावरून अलगद फिरवली. कानस आधी उंचवट्याला लागते आणि तेवढाच भाग चमकतो. तिन्ही फुल्या पुसल्या गेल्या आणि त्यांच्या जागी पत्रा लखलखला. बाकी सगळा तसाच काळपट राहिला.

"मला हाताला नाही लागलं हे," मिस्त्री हळूच म्हणाले.

"माहीत आहे मला. मागच्या महिन्यात गॅसवरचं उकळतं पातेलं तुम्ही उघड्या हातांनी उतरवलंत. चटका लागला नाही तुम्हाला. तेव्हाच ओळखलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मोगरी ठेवून घरात बसला असता. दिवसभर माझ्या फोडणीतल्या चुका काढल्या असत्या."

मिस्त्री हसले नाहीत. ते मागे सरकले आणि माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे वजन किती कमी झाले होते ते मला तेव्हा कळले.

रंगारी पेटी घेऊन दारातच उभा होता. मिस्त्री म्हणाले, "जाऊ नकोस."

"मी माझे हात दाखवले," रंगारी म्हणाला. "आता तुझे दाखव."

मिस्त्रींच्या मुठी आवळल्या गेल्या. दोन वर्षे ते हात त्यांनी खिशात, हातमोज्यात, मोगरीभोवती लपवले होते. सगळ्या जगाकडे रोखून बघत होते, ते या हातांकडे बघावे लागू नये म्हणून. मग त्यांनी मुठी सोडल्या. रंगाऱ्याने पेटी खाली ठेवली, बंदुकीचे तोंड साफ करायची बारीक तार काढली आणि भावाच्या बोटाच्या टोकाला टोचली.

"कळलं?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"आणि हे?"

"नाही रे."

अंगठ्याच्या मुळाशी आल्यावर मिस्त्री म्हणाले, "हे जरासं." रंगाऱ्याने तार खिशात टाकली, पण हात सोडला नाही. "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"आणि मला पुट्टीवरून बोलत होतास," रंगारी म्हणाला आणि रडू लागला. त्याच्या हाताचा ओला रंग भावाच्या तळव्याला लागत होता.

डॉक्टरांची मोटार पुरी झाली. तळहात काकूंचा आणि ठोका मिस्त्रींचा. आता दोघे भर सकाळी, छापखाना सुरू नसताना काम करत आणि भांडतही. "इथे." "इथे नाही, पुढे." "माझा हात आहे की तुमचा?" असे चाले. पुट्टीचा डबा पुन्हा वाळला.

मित्रांनो, मी अजूनही संशयीच आहे. तो स्वभाव आता माझ्याबरोबरच जाईल. पण तुमच्याकडे एक मागणे मागतो. तुमच्या घरात कोणी हातांनी काम करत असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि त्यांचा हात जरा आपल्या हातात घ्या. तपासायला नव्हे, नुसताच घ्या. दोन वर्षे मिस्त्रींचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर मुका होत गेला. त्या दोन वर्षांत मी गिऱ्हाइकांचा संशय घेतला, मांजराचा घेतला, काकूंचासुद्धा घेतला. त्या हाताचा मात्र काकूंनी मोगरी उचलेपर्यंत मला आला नाही.