भरवायचं नाही

"तोंड मीट आणि चमचा उचल," मी हळूच म्हटलं.

माझी नात तोंड उघडून बसलेली. समोर भात-भाजीचं ताट, चमचा तसाच पडलेला, मान माझ्याकडे. शाळेतला तिचा पहिलाच दिवस. जेवणाच्या खोलीत वाढायचं काम माझं, आणि शिस्तही माझीच: कुणाला भरवायचं नाही, ताट संपल्याशिवाय उठायचं नाही. माझ्या धाकानं भली भली हट्टी पोरं सुतासारखी सरळ झाली होती. एखादं अडून बसलं की मी सगळ्यांदेखत विचारायची, "घरी आजी भरवते वाटतं?" पोरं हसायची, ते मुकाट्यानं खायला लागायचं.

आणि घरी? घरी मी हिला टीव्हीसमोर बसवून भरवत होते. दोन घास जास्त जावेत म्हणून ताट घेऊन मागे मागे फिरत होते. सून म्हणायची, "आई, सांडलं तर सांडू दे, पण तिच्या हातानं खाऊ द्या ना. शाळेत काय करेल ती?"

"शाळेत मी आहे की. तुझ्या नवऱ्याला असंच वाढवलंय मी."

सून ओट्याकडे वळायची. माझ्या तोंडाला कोण लागणार?

"आजी, भरव ना," नात म्हणाली. तेही चांगलं मोठ्यानं.

चमच्यांचे आवाज थांबले. समोरच्या टेबलावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. गेल्या वर्षी मी तिला याच खोलीत रडवलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, हिला घरी आजी भरवते वाटतं?"

सगळी खोली हसली. माझे कान तापले. इकडे आड, तिकडे विहीर. एक घास भरवला असता तर पोरीला वर्षभर बाळ म्हणून चिडवलं असतं. नाही भरवला, तर ती उपाशी.

"खा गं राणी, एकच चमचा," मी म्हटलं. त्या खोलीत मी आजवर कुणाची विनवणी केली नव्हती.

तिनं हसणाऱ्या पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड मिटलं. घंटा होईपर्यंत ते उघडलं नाही. पोरं हात धुवून गेली, ही तशीच बसून.

"ऊठ, वर्गात जा."

"ताट नाही संपलं," ती म्हणाली.

मीच तिच्यापुढचं ताट उचललं आणि उष्ट्याच्या बादलीत रिकामं केलं.

संध्याकाळी घरी मी टीव्ही लावला, तिला जवळ घेतलं, भात कालवून घास उचलला. "हं, आ कर बघू."

तिनं माझ्या मांडीवरचं ताट ओढून घेतलं आणि स्वतःच खायला लागली. निम्मा भात फ्रॉकवर, निम्मा जमिनीवर. भूक अशी की चावायलाही थांबेना. सून दारात उभी होती. आता ती बोलणार, मी वाट बघत होते. बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त एक जुनं फडकं आणून पोरीच्या पुढ्यात अंथरलं.

"सोन्या, दे इकडे, मी भरवते."

"नको," नात म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

घास माझ्या हातातच गार झाला. तिच्या ताटात परत टाकायला हात होईना. मी तो खाऊन टाकला.